अण्णांची जपानी पेटी

"आधी हात पुसा, मग बोला."

घरी आलेल्या माणसाचं स्वागत अण्णा असं करायचे. दाराशेजारच्या खिळ्याला एक पांढरा पंचा टांगलेला असे. तुम्ही नगरसेवक असा, पाहुणे असा, नाहीतर गॅसचं सिलिंडर घेऊन आलेले असा, तो पंचा तुमच्या हातात यायचाच. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटायचं, घरात कुणी आजारी आहे की काय. मग आतल्या खोलीत टेबलावर कापडाखाली झाकलेली लांबट वस्तू दिसायची आणि उलगडा व्हायचा. तो अण्णांचा जपानी कीबोर्ड, ते त्याला पेटीच म्हणत. तुम्ही त्याच्याकडे फिरकणारही नसलात तरी अण्णांचा तुमच्या हातांवर भरवसा नव्हता.

आमची ओळख ऑर्केस्ट्रातली. माझं घर बेळगावच्या वडगाव भागात, घरी पिढीजात माग. पण मला गप्प बसायची सवय नाही, म्हणून शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात निवेदन करायचो. अण्णा शेजारच्या अनगोळचे. आठवडाभर उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तपासनीस. ओतून आलेला लोखंडी भाग उलटासुलटा करून बघायचा आणि चीर दिसली की खडूनं फुली मारायची, हे त्यांचं काम. आम्हा कलाकारांकडेही ते त्याच नजरेनं बघत. माझ्या निवेदनावर त्यांनी मनात किती फुल्या मारल्या असतील, देव जाणे.

कीबोर्ड मात्र फुली मारण्यासारखा नव्हता. त्याला सॅम्पलर म्हणतात. त्याच्या पोटात स्वतःचा आवाज नसतो. माईक लावून जो आवाज ऐकवाल तो हा पठ्ठ्या धरून ठेवतो आणि पट्टी दाबली की तस्साच काढून दाखवतो. बंद केला की सगळं विसरतो. म्हणून आवाज फ्लॉपीवर उतरवून ठेवायचे आणि दर वेळी सुरू करताना फ्लॉपी घालून त्याला आठवण करून द्यायची. आमच्या भागात तेव्हा असा दुसरा नव्हता. मडगावच्या हॉटेलात वाजवणाऱ्या एका माणसाकडून अण्णांनी तो घेतला आणि बसमधून बेळगावपर्यंत मांडीवर घेऊन आले.

"आमच्या पोरीला कधी एवढा येळ मांडीवर घेतलं न्हाय यांनी," असं वहिनी प्रत्येकाला सांगायच्या.

त्यावरचं झाकण आमच्या मागावरच्या साडीचं. मी प्रेमानं एक कापड नेऊन दिलं, तर अण्णांनी ते खिडकीपाशी धरून बघितलं आणि म्हणाले, "वडगावकर, हितं धागा सुटलाय. दुसरं आण." फुकटच्या कापडात खोट काढणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. मुकाट्यानं दुसरं आणून दिलं.

ऑर्केस्ट्राचा टेम्पो निघाला की गायिका पुढे ड्रायव्हरजवळ बसे आणि अण्णा मागे, कीबोर्डला धरून. निपाणीच्या एका कार्यक्रमात संयोजकानं कौतुकानं चहाचा ग्लास आणून कीबोर्डवरच ठेवला. अण्णांनी दोन्ही हात वर केले. गाणं अर्ध्यात थांबलं, गायिका आ वासून बघत राहिली. मी माईकवर जाहीर केलं, तांत्रिक बिघाड झाला आहे, रसिकांनी दोन मिनिटं सहकार्य करावं. बिघाड म्हणजे तो ग्लास.

आता हलगीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

ऑर्केस्ट्राला हलगी हवी होती. लावणीला हवी, जयंतीच्या गाण्यांना हवी, वरातीत तर हवीच. मालक एकदा सहज बोलून गेले, "अण्णा, तुमच्या वडलांना येते म्हणे. आणा की त्यांना."  परतीच्या वाटेवर टेम्पोत अण्णांनी मला सगळं सांगितलं. त्यांचे वडील निपाणीजवळच्या एका खेड्यातले. सण असो, मयत असो, लिलाव असो, गावानं बोलावलं की हलगी घेऊन धावायचं. वाजवायचं ते देवळाच्या पायरीखाली उभं राहून. मग समाजानं धम्म घेतला, तेव्हा तरुण वयात त्यांनी हलगी चुलीत घातली आणि गावकीचं काम सोडलं. गावानं पिठाची गिरणीसुद्धा बंद केली त्यांना. ते निपाणीत आले, तंबाखूच्या वखारीत राबले, पोराला शिकवलं. घरात हलगीचं नावही निघत नसे. अण्णा लहानपणी एकदा पितळी ताटावर बोटं बडवत बसले होते, तर वडिलांनी ताट काढून घेतलं आणि हातात पाटी दिली.

तरी अण्णांनी निपाणीला जाऊन विचारलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी न सांगता अनगोळात हजर झाला, कुणाची तरी हलगी पिशवीत घालून.

मी तिथं होतो. म्हाताऱ्यानं पंच्याला हात पुसले, अंगणात कागद पेटवून हलगी शेकली, कानाजवळ धरून टिचकी मारून बघितली. आणि पोराला म्हणाला, "एकडाव वाजवतो. तुझ्या मशीनला शिकवतो. फुडं कुणी तुला हलगी घे म्हणाला, तर मशीनकडं बोट कर. तू हात लावायचा न्हाईस."

त्या मशीनला एका वेळी दोन-चार सेकंदांचाच आवाज धरता यायचा. त्यामुळे म्हाताऱ्याला एकेक ठोका सुटा वाजवावा लागला. एक ठोका, मग थांबायचं. दुसरा ठोका, मग थांबायचं. "ह्ये काय वाजवणं झालं व्हय रं?" म्हणून तो हसत होता. शेवटी अण्णांनी मशीन बंद केलं आणि म्हणाले, "बाबा, आता तुमाला पायजे तसं वाजवा." म्हाताऱ्यानं हलगी पिशवीत घातली. "एकडाव म्हणलं न्हवं?" एवढंच बोलला आणि वहिनींना चहा मागितला.

अण्णांनी ते ठोके पट्ट्यांवर मांडले आणि बोटांनी हलगी वाजवायला लागले. काय वाजायची म्हणून सांगू! माणसं पडद्यामागे जाऊन हलगीवाला शोधायची. निपाणीच्या पुढच्या एका गावी कार्यक्रम झाला तेव्हा तिथले एक वयस्क पुढारी माझ्याकडे आले. म्हणाले, "हलगीवाल्याला खाली पायरीपाशी पाठवा. त्याचं सूप भरून ठेवलंय." सुपात जोंधळे, वर नारळ, गावकीच्या वाजवणाऱ्याला देत तसं.  अण्णा उठून आले आणि त्यांना कीबोर्डपाशी घेऊन गेले.

"ह्यो वाजवतोय," अण्णा म्हणाले.

पुढाऱ्यांनी कीबोर्डला पुढून मागून बघितलं. सवयीनं विचारलं, "कुणापैकी?"

"जपान्यांपैकी," अण्णा म्हणाले आणि सुपाकडे न बघता परत जागेवर जाऊन बसले. टेम्पोत चढल्यावर मात्र निपाणी येईपर्यंत हसत होते. पुढच्या खेपेला वडिलांना ही हकीकत सांगितली, तर म्हातारा म्हणे खाटेवर आडवा होऊन हसला.

पुढे वडील गेले. ऑर्केस्ट्राही गेला. पेन ड्राइव्हमध्ये सगळी गाणी मावायला लागल्यावर आम्हाला कोण बोलावणार? अण्णा निवृत्त झाले. तरी दर रविवारी सकाळी झाकण काढायचं, पट्ट्या पुसायच्या, फ्लॉपी घालायची आणि सगळे आवाज एकदा वाजवून बघायचे, हा नेम चुकला नाही. त्या खोलीतून हलगी ऐकू आली की गल्लीतले लोक म्हणायचे, आज रविवार.

दोन वर्षांपूर्वी बेंगळूरच्या लेकीनं, ती डॉक्टर आहे, दोघांना कायमचं तिकडे बोलावलं. फ्लॅट लहान. अण्णांचे गुडघे गेलेले, बोटंही आखडलेली. एक दिवस मला म्हणाले, "वडगावकर, पेटी इकायची. तुझं तोंड हाय, तू जाहिरात कर."

मी फोटो काढून इंटरनेटवर टाकले. फोन सुरू झाले. गोकाकच्या एकानं बदल्यात मोटारसायकल देऊ केली. निपाणीच्या एका बाईंनी विचारलं, लेकाला परीक्षेला चालेल का. मग बेंगळूरचे एक संग्राहक स्वतःची गाडी घेऊन आले. त्यांनी खिशातून पांढरे हातमोजे काढून घातले, तसे अण्णा खूश झाले. संग्राहकांनी बॅटरी मारून फटीफटीत बघितलं. कीबोर्डच्या छोट्या पडद्यावरची कंपनीची पातळ फिल्मसुद्धा शाबूत बघून त्यांचा आवाज बदलला. कन्नडमध्ये म्हणाले, असा नग मी आजवर बघितला नाही. भाव सांगाल तो. कंपनीच्या फ्लॉप्या तेवढ्या द्या, बाकीच्या तुमच्या तुम्हाला ठेवा.

"वाजवणार कवा?" अण्णांनी विचारलं.

वाजवायचा नाही, ते म्हणाले. काचेच्या कपाटात ठेवायचा.

मला वाटलं, झालं काम. यंत्र चांगल्या घरी जाईल आणि हलगीची फ्लॉपी अण्णांकडेच राहील. पण अण्णांनी दोन दिवसांची मुदत मागितली. संग्राहक गेल्यावर ते फ्लॉपी हातात घेऊन बसले. ती दुसऱ्या कुठल्या यंत्रात चालत नाही, हे मलाही ठाऊक होतं.

"पेटी गेली की बाबा मुकं होणार," अण्णा म्हणाले. "आनि पेटीबरोबर दिलं तर कुणाच्या हातात पडतील? परत कोण कुठल्या पायरीखाली उभं करंल त्यांना?"

 आमच्या घरी कुणाला कधी पायरीखाली उभं राहावं लागलं नव्हतं. मी काय सल्ला देणार?

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरची एक मुलगी आली. ढोलकी, हलगी, संबळ असं सगळं वाजवणारी, स्वतःची गाणी करणारी. ती कीबोर्डपाशी बसली आणि तिनं हलगीची पट्टी दाबली. हात तिथंच थांबला. परत दाबली. डोळे मिटून एकेक ठोका ऐकत राहिली.

"अण्णा, हे कोण वाजवतंय?"

"आमचे बाबा."

"काय हात आहे! म्हणजे हलगी तुमच्या रक्तातच आहे की. अण्णा, गाडीत माझी हलगी आहे. तुम्ही वाजवा ना, मी व्हिडिओ करते. बाबांचा ठोका आणि तुमचा ठोका एकत्र. लोक वेडे होतील."

पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं. अण्णांचा चेहरा मात्र उतरला. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. पायरी, चूल, गिरणी, पितळी ताट. ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटी हळूच म्हणाली, "चुकलं माझं. मग हा आवाज मी घेऊ नये का?"

 वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"वाजवणं वाईट नव्हतं, पोरी," अण्णा म्हणाले. "बोलावणं वाईट होतं. तू आपल्या खुशीनं वाजवतीस, तुला कोण बोलावणार हाय? घेऊन जा." मग म्हणाले, "ती हलगी आण बगू गाडीतनं."

ती पळतच गेली. अण्णांनी हलगी हातात घेतली. सत्तरीच्या माणसाच्या हातात ती आयुष्यात पहिल्यांदा येत होती. पट्टा कुठल्या खांद्यावर टाकायचा, इथूनच सुरुवात. उजव्या हातातलं जाड टिपरू चमच्यासारखं धरलं. एक ठोका मारला. उशी झटकल्यासारखा आवाज आला. दुसरा मारला तो कडेवर बसला आणि डाव्या हातातली काडी निसटून वहिनींच्या पायाशी जाऊन पडली.

"मनगट सैल ठेवा अण्णा, असं," म्हणून ती पुढे झाली.

"नगं नगं, शिकवू नगंस!" अण्णा ओरडले. हलगी पोटाशी धरून ते हसत सुटले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेनात. "बगितलास न्हवं वडगावकर? अगं, तू बगितलीस? रक्तात हाय म्हणं! येत न्हाय मला! कायबी म्हणता कायबी येत न्हाय!"

वहिनी काडी उचलायला वाकल्या आणि तशाच खाली बसून पदरानं डोळे पुसायला लागल्या. मलाही आवरलं नाही. एखादी गोष्ट येत नसल्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर बघितलेला नाही.

कीबोर्ड तिनं नेला, हलगीच्या फ्लॉपीसकट. संग्राहकांना मी फोन करून नाही म्हणून सांगितलं. ते हळहळले.

अण्णा बेंगळूरला गेले आणि यंदा तिथंच वारले. अनगोळच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. सगळे त्यांच्या गुणांबद्दल बोलले. ड्रॉइंग कसं वाचत, हार्मोनियम कशी वाजवत, गल्लीतल्या किती पोरांना त्यांनी गणित शिकवलं. माझी पाळी आली. आयुष्यभर माईकवर बोललेला माणूस मी, पण त्या दिवशी मी एवढंच म्हणालो, "अण्णांना पुष्कळ गोष्टी येत होत्या. हलगी मात्र येत नव्हती. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, अजिबात येत नव्हती."

पुढे बसलेली तरुण पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मागच्या रांगेत गावकी सोडून आलेल्या घरांतले म्हातारे भिंतीला टेकून बसले होते, त्यांतल्या एकानं टाळी वाजवली. अशा ठिकाणी टाळ्या वाजवत नाहीत. पण त्याच्या शेजारच्यानं वाजवली, मग त्याच्या शेजारच्यानं, आणि मागची सगळी रांग टाळ्या वाजवत उभी राहिली.