भाता न हलवता
बाबांच्या हार्मोनियमची खोळ काढली, की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि रामदासपेठेत त्यांच्याबरोबर पाहिलेला सिनेमा आठवतो. युद्धात माळ्यावर लपलेला ज्यू व्हायोलिनवादक, मांडीवर व्हायोलिन, सारा हॉल चिडीचूप, आणि बाबा मोठ्यांदा विचारतात, "हा वाजवून काहून नाही राहिला वं?" "आवाज झाला तर धरून नेतील ना! गप बसा हो बाबा!" दोन मिनिटं झाली नाहीत तर पुन्हा सुरू, "मी तं भाता न हलवता नुसती बोटं फिरवतो. रोज." मागचे हसले. मी संतापून त्यांचा हात दाबला. मुलाची बारावी आहे, पेटी वाजवू नका, हे मीच बजावलं होतं. ती बारावी संपून तेव्हा दोन वर्षं झाली होती. आता वाजवा, हे सांगायचं मात्र राहूनच गेलं.