चुकांची वही

माणसानं चूक केली म्हणून आमची टीचर कधी चिडली नाही. चूक लपवली की मात्र तिच्या तोंडाकडे बघवत नसे. टीचर म्हणजे माझी बायको. चेन्नईजवळचं हे अख्खं तांबरम तिला टीचर म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागलो. ती शाळेत विज्ञान शिकवायची. मी सातवी नापास, मिरजेकडून येऊन इथल्या रेल्वेडब्यांच्या कारखान्यात फिटर झालेला. तुमचं जमलं कसं, असं लोक विचारायचे. जमलं. चाळीस वर्षं जमलं. आता घरात माझ्या चुका दाखवणारं कुणी नाही.

तिच्या प्रयोगशाळेत एक जाड लाल वही होती. पानापानावर चार रकाने आखलेले. काय झालं, का झालं, चूक कुणाची, पुढं काय. पोरानं काचेची नळी फोडली तर ती ओरडायची नाही, पेन पुढं करायची. "लिही. आपल्या हातानं." पोरं तमिळमध्ये लिहायची, ती मराठीत. पहिल्या पानावर तिचीच चूक होती. म्हणायची, "टीचरची चूक नसेल तर ती वही खोटी."

निवृत्त झाल्यावर गप्प बसेल असं मला वाटलं होतं. ती वही घेऊन समुद्रात गेली. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांतल्या काही इंजिनिअर पोरांनी मिळून एक शिडाची बोट तयार केली होती. त्यांतला केदार आमच्या सांगलीकडचा. चेन्नईहून निघायचं, कोळ्यांच्या गावागावांत थांबत रामेश्वरमपर्यंत जायचं. गावातली पोरं बोटीवर घ्यायची, समुद्राचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचा, पाण्याचा खारटपणा, वाऱ्याचा वेग त्यांच्याच हातानं मोजून घ्यायचा. बोटीवरची एक पेटी ते आकडे आणि बोटीची जागा उपग्रहाला कळवायची, आणि तांबरमच्या शाळेत पडद्यावरच्या नकाशात हिरवा ठिपका पुढं सरकायचा.

मी म्हणालो, "या वयात कुणी शिडावर चढतं का?"

"चढत नाही हो, दोरी ओढते. तुम्ही पेटी तेवढी बसवून द्या."

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. धक्क्यावर मी पेटीचं झाकण लावत होतो. ती म्हणाली, "नट हातानं आवळा, पान्यानं नको. झाकणाखालचं रबर चेमटलं तर पाणी शिरेल." हो म्हणालो. पण पस्तीस वर्षं मी डब्यांचे नट आवळलेले. बायको समुद्रात निघालेली आणि नट बोटांनी आवळायचे? तिची पाठ वळली तसा मी चारही नटांना पान्यानं अर्धा-अर्धा फेरा दिला. मनाला बरं वाटलं.

चौथ्या दिवशी वारा फिरला आणि नागपट्टणमच्या वर हिरवा ठिपका थांबला. शाळेत केदार पडद्यासमोरून हलेना. "काका, एकही आकडा येत नाही." किनाऱ्यापासून लांब मोबाइल मुका. त्यानं बंदरावर कळवलं, तिथून शोधायला माणसं निघाली.

सुकाणूवर सेल्वी नावाची मुलगी होती, टीचरचीच विद्यार्थिनी. तिची आई पार्वती अम्मा येऊन पोरांच्या बाकावर बसली. पाणीसुद्धा घेईना. मला म्हणाली, "अय्या, तुम्ही पेटी बसवलीत. खरं सांगा, बोट बुडाली का?"

"मला काय माहीत?" मी म्हणालो.

मला माहीत होतं. म्हणजे अर्धं माहीत होतं. ठिपका थांबला त्या क्षणी मला माझा पाना आठवला. पेटीत पाणी शिरलं असेल तर बोट धडधाकट असण्याची आशा होती, आणि तेवढी आशा त्या बाईला देता आली असती. पण दिली असती तर सगळ्यांना कळलं असतं कुणी काय केलं. जन्मभर तोंडावर बोलणारा मी, दोन दिवस तोंड शिवून बसलो. केदारनं आणलेली इडली मी खाल्ली. अम्मानं खाल्ली नाही. ते अजून घशात आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी कारैक्काल बंदरातून बोटीवरच्यांचा फोन आला. वारा किनाऱ्यावर लोटत होता म्हणून त्यांनी बोट मुद्दाम खोल समुद्रात ठेवली होती. सगळे सुखरूप. अम्मा फोन कानाला लावून रडली. मी बाहेर नळावर जाऊन तोंड धूत राहिलो.

आठवड्यानं टीचरनं वर्गात ती पेटी उघडली. आतून खारं पाणी सांडलं. चपटं झालेलं रबर तिनं पोरांना दाखवलं. "बोटांनी आवळलं तर असं होतं का?" पोरं म्हणाली, नाही. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मागच्या बाकावर सेल्वी आणि तिची आई बसलेल्या. मी उभा राहिलो. "नट मी आवळले. पान्यानं. आणि ठिपका थांबला तेव्हाच मला कळलं होतं."

अम्मा वळली. "दोन दिवस, अय्या? शेजारी बसून?" एवढंच बोलली.

टीचरनं पेन पुढं केलं. नवऱ्यालाही. मी वाकड्या अक्षरात तीन रकाने भरले. चौथ्यापाशी अडलो, तेव्हा तिनं सांगितलं, "लिहा. कळलं की त्याच दिवशी बोलायचं."

त्यानंतर ती आणखी एक सफर करून आली. आल्यापासून तांबरम स्टेशनच्या पुलावर चढताना मध्येच थांबायची. कठडा धरून वर बघायची. "अहो, थांबा. ढग बघू द्या." पहिल्यापासून तिला ढगांचं वेड. मी पिशव्या घेऊन खालच्या पायरीवर उभा राहायचो आणि कुरकुर करायचो, "गाडी जाईल, बाई." एक दिवस ती ढग बघता बघता पायरीवर बसली. उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. बरेच दिवस दुखत असणार.

यंदा बोटीवर शिकवायला सेल्वी जायची होती. वही न्यायला घरी आली. पानं चाळता चाळता शेवटच्या नोंदीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "अय्या, टीचरनं हे काय लिहिलंय?"

मी चष्मा लावला. ते पान मी पहिल्यांदाच बघत होतो.

काय झालं: दोरी ओढताना छातीत कळ येते. घरी सांगितलं नाही. का: सांगितलं तर हे पान्यानं आवळतील, समुद्र बंद करतील. चूक: माझी. पुढं काय: यांनी लिहिलंय तेच. रामेश्वरमहून परत आले की सांगते.

परत येऊन चार महिने होती ती. सांगितलं नाही. ढग दाखवले.

मला राग आला. तिचा आला, माझा आला. आणि सेल्वी समोर थांबलेली. तिला मराठी येत नाही. पोरांची नावं आहेत, आशीर्वाद दिलाय, असं काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. टीचर पोरांच्या मनात होती तशीच राहिली असती. तिच्या आईला असंच दोन शब्दांत उडवलं होतं मी.

मी चारही रकाने तमिळमध्ये वाचून दाखवले. आवाज फुटला तिथं थांबलो, पुन्हा वाचलं. सेल्वीनं डोळे पुसले. म्हणाली, "हे पान घरी ठेवायचं का? पोरं वाचतील."

"वाचू दे. तू खाली तमिळमध्ये लिहून ठेव."

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर जाऊन मी पेटी बसवली. चारही नट बोटांनी आवळले. पाना घरीच ठेवून गेलो होतो.