ताईची झाडूगाडी

माझ्या ताईने पस्तीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या. दाताच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती, तिथे खिडकीखालच्या टेबलाशी ती बसायची आणि पुढ्यात कोणाचा ना कोणाचा प्लास्टरचा जबडा असायचा. गावातले निम्मे म्हातारे तिच्या कृपेने जेवत होते, पण त्यांतल्या एकालाही तिचं तोंड माहीत नव्हतं. तिला मात्र सगळ्यांची तोंडं आतून पाठ. रस्त्यात एखादा रुबाबदार गृहस्थ हसला की ती माझ्या कानात पुटपुटायची, "खालची ढिली झालीय. कधीच बदलायला हवी होती."

ढिली वस्तू तिला सहनच होत नाही. दाराची कडी असो, तव्याचा दांडा असो, नाहीतर माझी जीभ असो, सगळं जागच्या जागी घट्ट हवं. अशा बाईने लग्न करावं तर एका बसचालकाशी, ज्याच्या शर्टाची दोन बटणं कायम तुटलेली आणि ज्याच्या घड्याळाचा पट्टा कोपरापर्यंत वर सरकायचा. याचं मला अजून नवल वाटतं.

भावजी निवृत्त झाले त्या दिवशी म्हणाले, "तीस वर्षं स्टिअरिंग फिरवलं. आता जी आपली आपण वळते अशी गाडी हवी." आणि त्यांनी घरामागच्या बागेत छोटी रेल्वे टाकली. व्हरांड्यात कमरेएवढ्या उंचीवर फळी होती, तिथून गाडी निघायची. उताराने खाली, नळाला वळसा, अंजिराखालून, गुलाबांच्या मागून, आणि परत चढून फळीवर. दोन रुळांत चार बोटांपेक्षा कमी अंतर, पण भावजी शिट्टी अशी फुंकायचे की शेजारच्यांना वाटावं आता अख्खी मालगाडी येतेय.

ताई त्या रेल्वेला पाण्यात पाहायची. सवत म्हणायची तिला, तेही पाहुण्यांसमोर. कपडे वाळत घालायला बागेत जाताना नाक मुरडल्याशिवाय तिने कधी रूळ ओलांडले नाहीत.

त्या सवतीचे नखरेही होते म्हणा. रूळ पितळेचे, आणि इंजिनाला वीज मिळायची ती रुळांतूनच. पितळेवर काळा थर चढला, एखादं ओलं पान पडलं, गोगलगाय फिरून गेली की इंजिन आचके द्यायला लागायचं. मग दर आठवड्याला गुडघे टेकून, हातात घासणी घेऊन सगळा मार्ग लख्ख करायचा. भावजींनी ते नऊ वर्षं केलं. पण तीस वर्षं क्लच दाबलेला डावा गुडघा आधी गेला, त्याच्या पाठोपाठ उजवाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जमिनीवर बसणं, गुडघे टेकणं आता विसरायचं.

त्यानंतर चार महिने भावजी बागेकडे फिरकलेच नाहीत. पुढच्या खोलीत रस्त्याकडे तोंड करून बसायचे. समोरून बस गेली की "सहा मिनिटं उशीर" एवढंच बोलायचे. आणि एका सकाळी चहा पिताना त्यांनी ताईला सांगितलं, "छोट्या रेल्वेवाल्यांच्या क्लबला फोन केलाय. तीन आठवड्यांनी, रविवारी येतील. रूळ, डबे, इंजिन, सगळं घेऊन जातील. तुझी बाग मोकळी होईल."

हे सांगायला ताईने मला फोन केला तेव्हा ती रडत होती. मी चाटच पडले.

"अगं, सवत चाललीय ना? खूश हो की!"

"तू गप्प बस," ती म्हणाली. "हे रोज थोडे थोडे कमी होतायत. ती गाडी गेली की उरतील ते फक्त खुर्चीत. मला तसे नकोयत."

"मग तसं सांग त्यांना."

"सांगून कोणाचे गुडघे बरे झालेत?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घराच्या मागच्या खोलीतून कानशीचा आवाज यायला लागला. मी रोज दुपारी मदतीला जायची, म्हणजे शेजारी बसून बोलायला जायची. ताईच्या डोक्यात एक कामगाडी होती. रूळ झाडणारी, घासणारी, आणि वाटेत काय अडतंय ते कळवणारी. फळीवरून निघेल, सगळा मार्ग साफ करून फळीवर परत येईल, कोणाला वाकायला नको. पहिल्या डब्याच्या पुढे तिने टूथब्रशांची चार डोकी तिरकी बसवली, पानं बाजूला लोटायला. दुसऱ्या डब्यावर तारेची चौकट आणि तिला एक इवलीशी घंटा. कुठली फांदी गाडीच्या वाटेत आली तर चौकटीला लागणार आणि घंटा वाजणार. तिसऱ्या डब्याखाली घासायचा जड ठोकळा. भावजींना पुढच्या खोलीत सगळं ऐकू जात होतं, पण ते रस्त्याकडेच बघत बसायचे.

हा तिसरा डबा ताईचा खरा जीव. दुसऱ्या कोणी पट्टी घेऊन रूळ मोजले असते. ताईने रुळांचं माप घेतलं ते जबड्याचं घेतात तसं. दातांचा ठसा घ्यायचा तो गुलाबी लगदा कालवला, व्हरांड्याजवळच्या सरळ रुळांवर थापला, साचा काढला, प्लास्टर ओतलं. आठवडाभर त्यांच्या जेवणाच्या टेबलावर वीतभर पांढरा रेल्वेमार्ग पडलेला होता. त्यावरून तिने ठोकळा घडवला, आणि तो रुळांवर असा बसला की मध्ये केस शिरला नसता.

"बघ," ती म्हणाली. "याला म्हणतात बसणं."

शनिवारी सकाळी, क्लबवाले यायच्या आदल्या दिवशी, गाडी फळीवरून निघाली. सरळ उतारावर अगदी ऐटीत गेली, मागे पितळ चमकत होतं. मी टाळ्या पिटल्या. नळाच्या वळणावर मात्र ठोकळा अडकला, डबा उचलला गेला आणि गाडी आडवी झाली.

ताईने दातांखाली ठेवतात तो निळा कागद आणला. कवळी कुठे जास्त लागते ते त्या कागदाचा डाग दाखवतो. रुळावर कागद ठेवून डाग पाहिले, तिथे घासलं. गाडी पुन्हा आडवी. पुन्हा कागद, पुन्हा कानस. तिसऱ्या खेपेला गाडी पडली नाही, पण जागच्या जागी रुतून घुरघुरायला लागली.

"बंद कर! बंद कर आधी! मोटर जळेल!"

भावजी काठी टेकत व्हरांड्यात आले होते. जवळजवळ पाच महिन्यांनी. मी झटकन बटण बंद केलं. ते पायऱ्या एकेक करून उतरले, नळापाशी उभे राहिले, आणि ताईने ठोकळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट केला.

"माप कुठे घेतलंस?"

"व्हरांड्यापाशी."

"तरीच घोडं इथे अडलं. तिथे रूळ सरळ आहेत. इथे वळणावर मी दोन रुळांत अंतर थोडं जास्त ठेवलंय, गाडीला वळायला. आणि तू तिला कवळीसारखं जखडून टाकलंयस. अगं, गाडीला थोडं हलायला मिळालं पाहिजे."

"थोडं म्हणजे किती?"

"थोडं म्हणजे थोडं. हाताला कळतं ते."

"मग तुमच्या हाताने करा!" ताईचा आवाज चढला. "क्लबला फोन करायला बरा हात चालला. मला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही?"

"काय विचारणार होतो? गुडघे टेकून माझे रूळ घासतेस का, असं?"

"हो! असंच! नाही म्हणायचं असतं तर मी म्हटलं असतं नाही. विचारून तर बघायचं!"

भावजींनी काठी नळाला टेकवली, कानस मागून घेतली आणि उभ्या उभ्या ठोकळ्याच्या कडा घासायला लागले. दुपारपर्यंत दोघं त्या एका ठोकळ्यावर होते. भावजी हालचाल ठेवायला बघत होते, ताई कमी करायला बघत होती, आणि मी तोंड बंद ठेवून चहा देत होते. माझ्या आयुष्यातला हा विक्रम असावा.

पण क्लबला नको म्हणून फोन काही त्यांनी केला नाही. मी आडून आडून विचारलं तर म्हणाले, "शब्द दिलाय, मेहुणीबाई. आणि एका झाडूगाडीने काय होतंय?" मला इतका राग आला की मी कप आपटूनच घरी आले.

रविवारी मी गेले तेव्हा भावजी बागेत खुर्ची टाकून बसले होते आणि गाडी फिरत होती. पहिल्या फेरीत इंजिन खोकलं, दुसरीत कमी, तिसरीत रूळ असे चकाकले की मला त्यात आभाळ दिसलं. अंजिराखाली घंटा वाजली. "ती खालची फांदी छाट," भावजींचा हुकूम. गुलाबांपाशी पुन्हा वाजली. "ती काडी उचल." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं, पण शेळी व्हायला माझी मुळीच हरकत नव्हती.

चौथ्या फेरीला नळाच्या वळणावर गाडी एका बाजूला कलली आणि थांबली. नेमकं त्याच वेळी फाटक वाजलं. क्लबचे दोघं आले होते, दोघांच्याही हातात रिकामे खोके. थोरल्याने नमस्कार केला आणि विचारलं, "कुठून उचलायला सुरुवात करू या?"

ताई माझ्या शेजारी उभी होती. तिने माझं मनगट धरलं, आणि मला दुखेल इतकं दाबलं.

भावजी कललेल्या गाडीकडे बघत होते. मग ते ताईकडे वळले.

"अगं," ते म्हणाले, "इथली रुळाखालची खडी सरकलीय. ते काही गाडीला जमणार नाही. तिथे गुडघे टेकूनच भरावी लागते." खुर्चीतल्या खुर्चीत पुढे वाकले. "तू भरशील का?"

चाळीस वर्षांत त्या माणसाने कधी मीठसुद्धा मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. स्वतः उठून घ्यायचे. ताईने माझं मनगट सोडलं, दोरीवरचा एक वाळलेला टॉवेल ओढला, रुळाशेजारी घडी करून ठेवला आणि खाली बसली. तिचेही गुडघे काही तरुण नाहीत, त्यांचा आवाज फाटकापर्यंत गेला असेल.

"हं, सांगा," ती म्हणाली.

"आज काही उचलता यायचं नाही," भावजी क्लबवाल्यांना म्हणाले. "लाइनवर काम चालू आहे."

"मग पुढच्या रविवारी येऊ?"

"या की. पण खोके नका आणू," भावजी म्हणाले, आणि खुर्ची ताईच्या जवळ ओढून तिला कुठली खडी आधी घालायची ते काठीने दाखवायला लागले.