पडताळणीआधीचा सत्कार

कोरेगावजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. लघुग्रह शोधायच्या एका उपक्रमात शाळेनं नाव घातलं आणि काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. दुर्बिणीतून काढलेले चार-चार फोटो यायचे, ते कॉम्प्युटरवर एकामागून एक फिरवायचे आणि हलणारा ठिपका हुडकायचा. तारे जागचे हलत नाहीत, लघुग्रह सरकतो. वह्या तपासून, स्वयंपाक उरकून मी बसायचे. डोळ्यांचं पार वाटोळं झालं.

एकदाचा ठिपका सापडला, चारही फोटोंत सरळ रेषेत सरकलेला. 'नोंद घेतली, पडताळणी बाकी' असं उत्तर आलं. आमच्याकडे पडताळणीला कोण थांबतंय! चौथ्या दिवशी स्टँडवर माझ्या फोटोचा फ्लेक्स, ग्रामपंचायतीत शाल-श्रीफळ. सासरे फौजेतून निवृत्त झालेले. वीस वर्षांत कधी मला बरं म्हणाले नव्हते, ते फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले. भेटेल त्याला सांगू लागले, "आमच्या सुनंनं ग्रह हुडकलाय." खरं सांगते, मला तेवढंच हवं होतं.

मग शाळेत मेल आला. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला हा दोन-तीन किलोमीटरचा दगड. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला चारेक वर्षं लागतात. पण तो दुसऱ्यांनी फार आधीच नोंदवलेला. आमच्या फोटोंनी त्याची कक्षा जरा नेमकी झाली, एवढंच.

गाव काय, हसेल आणि विसरेल. सासऱ्यांना कसं सांगू? चार दिवस टाळलं. घास उतरेना. शेवटी दुपारी त्यांचं ताट वाढलं आणि सांगून टाकलं, "आबा, तो ग्रह मी शोधलेला नाही. आधीच कुणाला तरी सापडला होता."

"ठावं हाय. हेडमास्तर कवाच सांगून गेलं. तू कवा सांगतीस त्ये बगत हुतो."

मी इतकी दमले होते की भीडही उरली नाही. "मग चार दिवस मी जेवले नाही, तेही बघत होता?"

"व्हय," ते हळूच म्हणाले.

आमच्या घरात पुरुष जेवून उठल्याशिवाय बायका बसत नाहीत. त्यांनी ताटाला हातही लावला नव्हता. ते माझ्याकडं सरकवून म्हणाले, "बस. आदी तू जेव."

मी बसले, भाकरी मोडली. वीस वर्षांची सवय. त्यांच्यासमोर घास काही तोंडापर्यंत जाईना.