फुप्फुसातलं तांबं

आई गेली त्या वर्षी मी नाशिकला एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी धरली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंदिरानगरला एक खोली घेतली होती. रुग्णाच्या शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे पातळ काप काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे, हे माझं काम. जागा सगळ्यात मागची. फॉर्मालिनच्या वासामुळे तिथे कुणी टेकत नसे. पुढच्या खोलीत मुली हसत-खिदळत डबा खायच्या. मलाही बोलवायच्या, पण माझ्या कपड्यांचा वास मलाच जाणवायचा. मी मागेच जेवायचे.

एकदा निफाडच्या एका माणसाच्या फुप्फुसाचा तुकडा आला. टीबीची औषधं घेऊनही खोकला हटत नव्हता, म्हणून कॅन्सरची शंका होती. कॅन्सर नव्हता. पण पेशींमध्ये तपकिरी कण भरलेले होते. मॅडम, म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्ट, म्हणाल्या, "लोहाचा रंग लावून बघ." लोह असतं तर कण निळे झाले असते. झाले नाहीत. मग मॅडमनी त्याच्या कागदावर 'द्राक्षबागेत फवारणी' असं वाचलं आणि त्या थांबल्या.

"मोरचूद मारत असणार. तांबं बघ."

तो रंग क्वचितच लागायचा. तांबं नक्की असलेला यकृताचा एक जुना काप जोडीला घेतला आणि दोन्ही काचा रंगात बुडवून गरम पेटीत ठेवल्या. बाहेर काढल्या तेव्हा जुन्या कापात कण लाल झाले होते. फुप्फुसातही.

रिपोर्ट न्यायला तो माणूस स्वतःच आला, एकटा. मुंबईच्या डॉक्टरांना दाखवायला काचाही हव्या होत्या, म्हणून त्याला मागे माझ्याकडे पाठवलं. चाळिशीचा असेल. दोन वाक्यांत धाप लागत होती. तोवर मी एकाही तुकड्याचा माणूस पाहिला नव्हता.

"ताई, मला दिसंल का ते?"

मी मायक्रोस्कोप लावून दिला. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"हे लाल लाल?"

"ते तांबं. मोरचुदातलं."

"मोरचूद तर निळं असतं."

"हो. आम्ही लावलेल्या रंगानं ते लाल दिसतं."

"निघंल का आतून?"

"ते मला नाही सांगता येणार. पण फवारणी बंद करा, असं मॅडम म्हणाल्यात."

तो स्टुलावर बसला. पाठीवर पंप घेऊन दुसऱ्यांच्या बागा फवारण्यातच त्याची उमेदीची वर्षं गेली होती. मी डबा उघडला आणि अर्धी पोळी-भाजी त्याच्यापुढे केली. आम्ही दोघं तिथेच जेवलो. जाताना म्हणाला, "द्राक्षं निघाली की या ताई. भावाचं घर स्टँडाजवळच हाय."

असं माणसं म्हणतातच. पण फेब्रुवारीतल्या एका रविवारी खोलीत बसवेना, तेव्हा मी खरंच निफाडची एसटी पकडली. विचारत विचारत घर सापडलं. त्याच्या भावजयीनं दार उघडलं. लॅबमधून आले म्हटल्यावर तिचा चेहराच उतरला.

"आता आणिक काय निघालं?"

"काही नाही हो. सहज आले होते."

तिला ते पटेना. तिच्याकडून कळलं, तो फवारणी सोडून सटाण्याकडे लेकीपाशी राहायला गेला होता. खोकला कमी होता, दम मात्र लागायचा. तिनं चहा दिला आणि माझा पिऊन होईपर्यंत ती उभीच राहिली.

"खरंच काय नाय ना?"

"नाही," मी म्हणाले आणि निघाले.

परतीच्या गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, "निफाडला कोण असतं तुमचं?"

"ओळखीचे आहेत," मी म्हटलं.