रविवारची पहिली पंगत

गेल्या रविवारी माझ्यावर घोर अन्याय झाला. भर दुपारी, साऱ्या खाणावळीदेखत, मला पहिल्या पंगतीतून उठवलं!

घरची मंडळी नातेपुत्याला माहेरी गेल्यापासून मी सात रस्त्याजवळच्या मावशींच्या खाणावळीत जेवतो. तिथला रिवाज असा... पहिली पंगत आम्हा कचेरीवाल्यांची, दुसरी विद्यार्थ्यांची. आम्हाला साहेबाची वेळ गाठायची असते ना!

उन्हाळ्यात रविवारी आमरस असतो. आमच्या पंगतीला तो दाट. पातेलं तळाला जाऊ लागलं की मावशी त्यात आधी दूध घालतात, मग पाणी... दुसऱ्या पंगतीपर्यंत त्यात आंब्याची फक्त आठवण उरते. तीन रविवार मी चार-चार वाट्या हाणल्या, आणि विद्यार्थ्यांनी बेतानं खावं, असं माझं मतही पक्कं झालं.

पुण्याच्या कॉलेजात शिकणारा केम गावचा सोपान सुटीत इथं शिकवण्या करतो. दुसऱ्या दिवशी तो पुण्याला परतणार होता. म्हणजे दाट रसाची त्याची यंदाची ही शेवटची संधी. आम्ही पाटांवर बसतोय तोच दारातून त्याचा आवाज आला, "मावशी, आमी बी तेवढंच देतो की. मग आमच्याच रसात पाणी का?"

"अरे, ह्यांना कचेरी गाठायची असते."

"रविवारी कुठली कचेरी?"

मी आढ्याकडे पाहत वाटी जवळ ओढली.

मावशी आधी रागावल्या, मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अगं बाई, खरंच की! इतक्या वर्षांत ध्यानातच आलं नाही. उठा हो, कचेरीवाले!" मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही... वर्तमानपत्रात लेख लिहून जगाला शहाणपण शिकवता ना? घ्या ही पळी, रस वाढा."

कमरेला पंचा गुंडाळून मी विद्यार्थ्यांना वाढायला निघालो. खोटं कशाला सांगू, पहिल्या पानापासूनच माझा हात आखडत होता. मागं काही उरायला नको?

पण दुसरी वाटी वाढायला गेलो तर सोपाननं वाटीवर हात आडवा धरला. "बास, काका. मागनं तुमाला बसायचंय की." मग शेजारच्यानंही हात धरला, मग ओळीनं साऱ्यांनीच... पातेल्यात पाणी घालायची वेळच आली नाही.

मागनं कुणाला बसायचंय, हे चौथी वाटी ओरपताना मला एकदाही सुचलं नव्हतं.

सोपान पाणी पीत होता. तेवढ्यात मी गुपचूप त्याची वाटी काठोकाठ भरली आणि पुढच्या पानाकडे वळलो. एका रविवारची फेड झाली... उरलेल्या दोन रविवारांसाठी पुढच्या सालचे आंबे यायला हवेत.