साठ आकड्यांचं कुलूप

माझा फोन सोन्यात बुडाला. ऐकायला हे फार श्रीमंती वाटतं, पण प्रत्यक्षात तो राखाडी चिखल असतो. इथं ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीतला दगड दळून, पाण्यात कालवून मोठमोठ्या टाक्यांत घुसळत ठेवतात. त्या टाक्यांवर लोखंडी जाळीचे पूल आहेत, आणि तिथली यंत्रं कॉम्प्युटरवरून नीट चालताहेत ना हे बघायचं माझं काम. एका वाल्वचा नंबर वाचायला वाकले, खिशातून फोन निसटला, जाळीच्या कडेला एक टप्पा घेतला आणि गेला. सुपरवायझर म्हणाला, "नो वरीज. सोनं वितळवताना सापडेल."

गावात फोनची दुकानं आहेत. पण मला हवा होता तो फोन पर्थहून मागवावा लागणार होता, आणि मी हट्टी. माझ्या शिफ्टला मुंबईची एक मैत्रीण असते. ती आता दुपारला इथल्यासारखं आर्व्हो म्हणते. तिनं कपाळाला हात लावला. "अगं, आर्व्होला जाऊ, मिळेल तो फोन घे. आईशी बोलल्याशिवाय तुला चैन पडतं का?"

चैन पडत नाहीच. मी इथं एकटी राहते आणि आई पुण्यात एकटी. दुपारच्या चहाला आम्ही रोज बोलतो. तिच्याकडे तेव्हा सकाळची भाजी निवडणं चाललेलं असतं. एक दिवस बोलणं चुकलं तरी मला चहा गोड लागत नाही. पण फोन नसला म्हणून काय झालं? आई आणि मी ज्या एन्क्रिप्टेड अ‍ॅपवर बोलतो, ते फोनशिवायही वापरता येतं, असं मी कधीतरी वाचलं होतं. कुणा हौशी मंडळींनी त्यासाठी एक साधन लिहून फुकट ठेवलंय. त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, की निरोप जातो. हे करून बघायची हौस मला कधीची होती. खरं सांगायचं तर फोन बुडाल्याचं मला जेवढं वाईट वाटायला हवं होतं, तेवढं वाटलं नाही.

जुन्या नंबरचं सिम दुकानातून नव्यानं काढलं. मैत्रिणीनं तिचा जुना बटणांचा फोन दिला, त्यात ते घातलं. त्या फोनवर कोडचा एसएमएस आला, तो मी काळ्या पडद्यावर टाइप केला, आणि अ‍ॅपनं मला ओळखलं. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली. एरवी अ‍ॅप आपल्याला आतलं काहीच दाखवत नाही. इथं प्रत्येक गोष्ट उघडी होती. निरोपाला कुलूप कसं लागतं, किल्ली कुणाकडे असते, पावती कधी येते, सगळं ओळीओळीनं समोर. आणि सगळ्यात गंमत म्हणजे निरोप आपणहून येतच नाहीत. टिंग नाही, टुंग नाही. आपण 'रिसीव्ह' असा हुकूम द्यायचा, मग तो आलेलं सगळं आणून ओततो. पूर्वी लोक पोस्टाच्या खिडकीशी जाऊन "आमचं काही आलंय का?" विचारायचे, तसं. विचारलं नाही, तर पत्र तिथंच पडून.

मग मी आईला पहिला निरोप पाठवला. मराठी कीबोर्ड त्या जुन्या लॅपटॉपवर नव्हता, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलं, आई मी आहे, फोन पडला, काळजी नको. एंटर दाबलं आणि यंत्र माझ्यावर खेकसलं. निरोप अवतरणचिन्हांत घालायचा असतो, ते मी विसरले होते. त्यामुळे त्यानं पहिलाच शब्द निरोप म्हणून धरला. बाकीचे शब्द ही माणसांची नावं समजून तो त्यांना शोधत बसला. 'आहे' नावाचं कुणी सापडत नाही, 'फोन' नावाचं कुणी सापडत नाही. मला हसू आवरेना. आईला मात्र निरोप गेला होता, आणि त्यात एकच शब्द होता. आई.

माझं हसू दुसऱ्या दिवशी मावळलं. ते का, हे कळण्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं.

काही महिन्यांपूर्वी आईला एका अनोळखी नंबरवरून फोन आला होता. पलीकडून माझा आवाज आला. रडत होता. "आई... आई..." एवढंच. मग कुणी पुरुष बोलू लागला की तुमची मुलगी अडचणीत आहे. आई शहाणी, तिनं फोन ठेवला. पण तो आवाज तिच्या कानांतून गेला नाही. "तूच होतीस गं," ती मला म्हणायची. "तसाच तुझा मधे श्वास अडकतो तो." यंत्रं आता कुणाचाही आवाज काढतात, चेहराही काढतात, हे तिनं पेपरात वाचलं आणि तिचा सगळ्यावरचा विश्वास उडाला. तेव्हा मीच तिला नियम घालून दिले. साधा फोन घ्यायचा नाही, फक्त आपल्या अ‍ॅपवर बोलायचं, तिथं कुलूप आहे. आणि त्या अ‍ॅपनं कधी सांगितलं की कुलूप बदललंय, तर समोर मीच आहे असं धरायचं नाही. काही झालं तरी नाही. मी हे तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं.

आता मी नव्या यंत्रावरून शिरल्यामुळे कुलूप बदललं होतं. आईच्या फोनवर स्वच्छ मराठीत ओळ आली होती की या व्यक्तीचा सुरक्षा क्रमांक बदलला आहे. आणि त्याखाली एकच शब्द. आई. तोही इंग्रजी अक्षरांत.

पुढचे निरोप मी अवतरणचिन्हांत, नीट सगळं समजावून पाठवले. 'रिसीव्ह' म्हणत राहिले. काही नाही. दुपारी खाणीतला नेहमीचा सुरुंग उडाला, खिडकीची काच थरथरली, मी चहा करून पुन्हा 'रिसीव्ह' म्हटलं, आणि आईचं उत्तर आलं. काळ्या पडद्यावर देवनागरीचे हाल होतात. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. ते तुकडे जुळवत मी वाचलं.

"तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. माझी मुलगी मला इंग्रजी अक्षरांत लिहीत नाही. तिचा नंबर सोडा. नाहीतर उद्या मी हे अ‍ॅप काढून टाकणार आणि फोन कपाटात ठेवून देणार."

तुम्ही. जन्मात पहिल्यांदा आईनं मला अहो-जाहो केलं. मला आधी हसायला आलं आणि मग एकदम रडायला. गुरूची विद्या गुरूला, असं म्हणतात ते हेच. मी शिकवलेलं तिनं शब्दन् शब्द पाळलं होतं आणि मलाच दाराबाहेर उभं केलं होतं. ती बोलल्याप्रमाणे करते, हे मला पक्कं माहीत होतं. फोन कपाटात गेला की मग तो बाहेर काढायला मला पुण्याला जावं लागलं असतं. तिनं तेव्हाही दार उघडलं असतं का, असा वेडा विचार माझ्या मनात आला.

मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "शेजारच्या कुणाला पाठव ना तिच्याकडे." पण शेजारच्या काकू आईला काय सांगणार? की मला ऑस्ट्रेलियातून निरोप आला, ती खरंच तुमची मुलगी आहे? आईनं त्यांनाही चहा पाजून परत पाठवलं असतं. व्हिडिओचं नावच काढायला नको होतं.

मग मी मराठी कीबोर्ड बसवला आणि समोरचे तुटके वेलांटी-उकार न बघता आंधळेपणानं टाइप केलं. "आई, तुझ्या फोनवर माझं नाव दाब. सुरक्षा क्रमांक उघड. साठ आकडे दिसतील. तेच साठ आकडे माझ्याकडे आहेत. तुझी किल्ली आणि माझी किल्ली मिळून ते तयार झालेत. मधे कुणी बसला असेल, तर ते जुळणार नाहीत."

हा क्रमांक म्हणजे त्या अ‍ॅपमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. दोघांनी मिळून बनवलेला आकडा, जो जगात तिसऱ्या कुणाचा नाही. पण जरा विचार केल्यावर मला त्यातली फट दिसली. ज्यानं माझं सिम चोरलं असेल आणि माझ्याच नावानं अ‍ॅपमध्ये शिरला असेल, त्याच्याकडेही आईशी जुळणारा क्रमांक असणारच. क्रमांक एवढंच सांगतो की मधे कुणी कान लावलेला नाही. टोकाला कोण बसलंय, हे तो सांगत नाही. ते आवाजावरून ओळखायचं, आणि आवाजावर तर आईचा विश्वास उरला नव्हता. हे मी तिला लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तीही म्हणाली असती की मग वाचून उपयोग काय.

तिचं उत्तर आलं. "उघडला. फोन करा, एवढ्यापुरता उचलेन. मी बोलणार नाही, ऐकेन. मराठीत वाचा, इंग्रजीत कुणीही वाचेल. दोन-दोन आकडे घ्या."

दोन-दोन का, ते मला लगेच कळलं. परवचा. लहानपणी दिवेलागणीला शुभंकरोति झालं की मी मांडी घालून आईसमोर पाढे म्हणायची. आई पोळ्या लाटत असायची आणि चूक झाली की लाटणं थांबायचं. बोलायची नाही, फक्त लाटणं थांबायचं.

काळ्या पडद्यावरून बोलता येत नाही, म्हणून बटणांच्या फोनवरून मी साधाच फोन लावला. उचलला गेला. पलीकडे कुणी बोललं नाही, फक्त घरातला पंखा ऐकू येत होता. मी समोरचे आकडे वाचायला घेतले.

"त्रेपन्न. शून्य सात. सेहेचाळीस. एकतीस."

आता इथं मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. इतकी वर्षं टाक्यांचे दाब आणि तापमान इंग्रजीत वाचून माझे मराठी आकडे गंजले होते. चौसष्ट म्हणायच्या आधी मी मनात सिक्स्टी-फोर म्हणत होते. सत्त्याहत्तरला जीभ अडखळली. अठ्ठ्याऐंशी आलं, ते कसंबसं काढलं. आई ऐकत होती. एक आकडा चुकला की संपलं, असं वाटत होतं.

"अठ्ठावीस. बारा. एकोणऐंशी. शून्य चार..."

पंख्याचा आवाज तसाच. पण पलीकडे काहीतरी थांबलं. कसं कळलं ते सांगता येणार नाही. लाटणं थांबायचं, तसं थांबलं.

मी पडद्याकडे पाहिलं. आठ आणि नऊ. माझी चूक माझ्या लक्षात आली नाही. आठ आणि नऊच तर म्हटलं मी.

"एकोणनव्वद!" आई म्हणाली. "एकोणनव्वद गं! एकोणऐंशी म्हणजे सात आणि नऊ. किती वेळा सांगायचं तुला?"

तुला.

माझी लहानपणापासूनची चूक ती. एक्क्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी करत मी अठ्ठ्याऐंशीपर्यंत धडधडत यायची आणि त्याच वेगात पुढे एकोणऐंशी म्हणून मोकळी व्हायची. ऐंशीच्या घरातला आकडा, तर त्याच्या नावात ऐंशी नको का? मला हे अगदी बरोबर वाटायचं, आणि कुठंतरी अजूनही वाटतं. "मग मघाशी म्हटलंस ते एकोणऐंशी कोणतं?" आई विचारायची. रोज. शाळा संपली, इंजिनिअर झाले, विमानात बसले, तरी ते काही सुधारलं नाही, आणि पुढे मराठीत एकोणनव्वद म्हणायची वेळच आली नाही.

"आई, पुढचे वाचू का?" मी रडत रडत विचारलं. "अजून बरेच राहिलेत."

"राहू देत."

"अगं, पण एक चुकलाय. अ‍ॅपच्या हिशोबानं आपलं जुळलेलं नाही."

"नाही जुळलं तर नाही," आई म्हणाली. तिचाही आवाज ओला झाला होता. "चोरानं बरोबर वाचलं असतं."

मी आयुष्यभर यंत्रांबरोबर काम केलंय, पण किल्ल्या-कुलपांबद्दल इतकं नेमकं कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. मी हे तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "फोन कसा पडला ते सांग आधी. वाकून काय बघत होतीस?" मग सगळं सांगावं लागलं, आणि ओरडाही खाल्ला.

नंतर पर्थहून नवा फोन आला. काळ्या पडद्यावरचं साधन मी काढलेलं नाही. रविवारी कधी लॅपटॉप उघडते, उगीच 'रिसीव्ह' म्हणून बघते. नव्या फोनवर अ‍ॅप चढवलं, तेव्हा अर्थातच कुलूप पुन्हा बदललं, आणि चहाच्या वेळेला आईचा निरोप आला. "बदललंय. वाच."

या वेळी मी तयारीनं बसले होते. साठच्या साठ आकडे, दोन-दोन करून, एकदाही न अडखळता वाचले. नव्या क्रमांकात आठ-नऊची जोडी कुठंच नव्हती. वाचून झालं आणि मी शाबासकीची वाट बघू लागले. पलीकडे नुसता पंखा.

"आई? सगळं जुळलं ना?"

"जुळलं," ती म्हणाली, पण आवाज जपून होता. "आता नव्वदच्या आधीचा आकडा म्हण."

तो आता मला पक्का पाठ झालाय. झोपेतही चुकणार नाही. पण चोरही चुकला नसता.

"एकोणऐंशी," मी म्हणाले.

"हं," आई म्हणाली. "बोल आता."